जुन्या पायऱ्या, जुना खेळ

काशीस जाऊन दशाश्वमेध घाट प्रथमच उतरणाऱ्या माणसाला गंगेच्या दर्शनापूर्वी आपल्या पायांची जाणीव होते. घरचा जिना आपण न पाहता उतरतो. येथे तसे चालत नाही. पायऱ्या काही उंच, काही बुटक्या, काही असंख्य पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. मध्येच मोठ्या छत्रीखाली पंड्याची लाकडी चौकी येते आणि तिला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात गंगा चढली म्हणजे यांतील कित्येक पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि पूर ओसरल्यावर त्यांवर साचलेला गाळ धुऊन काढावा लागतो. नवखा यात्रेकरू आरंभी दोन-चार ठिकाणी अडखळतो. मग पाऊल हळूहळू शिकते, आणि दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य हाती पाण्याचा गडू घेऊन, कोणाशी बोलत, निर्धास्तपणे तोच घाट चढताना दिसतो. पायऱ्या आदल्या दिवशीच्याच असतात. बदललेले असते ते पाऊल.

ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, या पुराणकथेवरून घाटाला हे नाव पडले. आज दिसणाऱ्या दगडी घाटाला मात्र मराठ्यांचा हात लागलेला आहे. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी तो १७४८ मध्ये बांधविला आणि पुढे १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ‘जीर्णोद्धार’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. जुने पाडून नवे उभारणे सोपे असते, आणि जुने तसेच ठेवून त्याची पडझड पाहत बसणे त्याहूनही सोपे. या दोहोंमधला मार्ग कठीण. कोणता दगड बदलावा, कोणता ठेवावा, कोणती गैरसोय दूर करावी आणि कोणती गैरसोय म्हणजेच त्या वास्तूचा स्वभाव समजावा, हे ज्याला कळते त्यालाच जीर्णोद्धार साधतो.

वाचकहो, हा प्रश्न देवळांपुरता आणि घाटांपुरता उरलेला नाही. आज ज्यांची वये तीस-चाळिशीच्या घरात आहेत, त्यांच्या बालपणीच्या आठवणींत सागरगोट्यांच्या आणि विटीदांडूच्या जोडीला संगणकावरचे आणि टेलिव्हिजनला जोडून खेळायचे खेळही आहेत. तेही आता जीर्ण होऊ लागले आहेत. ते मुलांच्या हाती द्यावेत काय? दिले तर मुले त्यांत रमतील काय? आणि न रमल्यास दोष कोणाचा, खेळाचा की आपल्या आठवणीचा? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी अशाच एका जुन्या खेळाकडे आपण वळू. त्याचा संबंध भारताशी आहे, पुण्या-मुंबईशी आहे, आणि त्याच्या गाभ्याशी एक संस्कृत शब्द दडलेला आहे.

वाळूतील राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ कॅनडातील माँट्रियल येथे तयार झाला आणि २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर उड्या मारीत, भिंतींना लोंबकळत, खांबांवर चढत पुढे जाण्याचे जे खेळ असतात, त्या जातीचा हा खेळ. भिंतीवरून चार पावले आडवे धावत जाऊन मधली दरी ओलांडणे ही यातील राजपुत्राची खास कसरत.

या राजपुत्राचा पूर्वजही थोडक्यात सांगितला पाहिजे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा पहिला खेळ जवळजवळ एकट्याने रचला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल संगणकात उतरविली. खेळाला संगीत दिले ते मेक्नरच्या वडिलांनी. म्हणजे हा खेळ एका अर्थी घरच्या घरीच झाला. त्यात राजकन्येला सोडविण्यासाठी अवघी साठ मिनिटे मिळत. कितीही वेळा मेलात तरी पुन्हा उठता येई, परंतु गेलेले मिनिट परत मिळत नसे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांच्या काळ्या पडद्यावर हा राजपुत्र धावताना अनेकांनी पाहिला असेल.

चौदा वर्षांनी आलेल्या नव्या खेळाची कथाही मेक्नरनेच लिहिली. मात्र या वेळी त्याने काळाचा नियम उलटा केला. पहिल्या खेळात काळ हा शत्रू होता. दुसऱ्यात तो राजपुत्राच्या मुठीत आला.

कथा अशी. पर्शियाचा राजा शारामन सैन्यासह भारतातून जात असता एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतो. महाराजाचा वजीरच फितूर झालेला असतो. लुटीत एक प्रचंड वाळूचे घड्याळ आणि एक खंजीर मिळतो. खंजीर तरुण राजपुत्राने पटकावलेला असतो. त्याला वडिलांसमोर शौर्य मिरवावयाचे असते. महाराजाची कन्या फराह बंदिवान होते. पुढे आझादच्या सुलतानाच्या वाड्यात वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र तो खंजीर घड्याळात खुपसतो. काळाची वाळू मोकळी सुटते, आणि तिचा स्पर्श झालेली सारी माणसे वाळूचे राक्षस होतात. त्यांत राजपुत्राचा बापही असतो. वाचतात ते तिघेच : खंजीर असलेला राजपुत्र, गळ्यात पदक असलेली फराह आणि जादूची काठी असलेला वजीर.

खंजिरात वाळू साठविली की राजपुत्राला काही क्षण मागे जाता येते. उडी चुकली, खाली कोसळला, तर बटण दाबावे. सारे उलटे फिरते आणि तो पुन्हा कड्यावर उभा राहतो. वाळू मात्र मोजकीच असते. ती संपली की चूक ती चूक. आपल्या घरांत मुलांना पैशाचे मोल शिकविण्यासाठी गल्ला देतात. येथे क्षमेचा गल्ला दिलेला आहे.

हसू येते ते कोठून?

एवढ्या करुण कथेला विनोदी म्हटलेले पाहून वाचकांना नवल वाटेल. पण हा खेळ खरोखरच मिस्कील आहे, आणि त्याचा मिस्कीलपणा सांगण्याच्या रीतीतून आला आहे. सारी कथा राजपुत्र स्वतःच कोणाला तरी सांगत असतो. आपल्या हातून खेळताना राजपुत्र मेला, तर निवेदक राजपुत्र मध्येच थांबून म्हणतो की, छे, छे, असे काही घडले नव्हते. गोष्ट सांगता सांगता आजीच्या तोंडून चुकून राक्षसाऐवजी राजाच मरावा आणि तिने घाईघाईने ‘नव्हे रे, तसे नव्हे’ म्हणून धागा पुन्हा जोडून घ्यावा, तसाच हा प्रकार. खेळ बंद करू लागलो, तर गोष्ट पुरी होण्याआधीच मी निघावे काय, अशी पृच्छा होते. विराम घेताना, पुढच्या वेळी येथूनच सांगावयास लागेन, असे आश्वासन मिळते.

बहुतेक खेळांत खेळणाऱ्याचा मृत्यू म्हणजे लाल अक्षरांतली एक पाटी असते. येथे तो कथेकऱ्याचा स्मृतिदोष ठरतो. अपयशाची नांगी इतक्या अलगदपणे काढून घेणारी युक्ती क्वचितच कोणा खेळ रचणाऱ्याला सुचली असेल.

दुसरा विनोद राजपुत्र आणि फराह यांच्या बोलण्यात आहे. दोघेही हट्टी, दोघांनाही एकमेकांची गरज, आणि दोघांनाही ती कबूल करावयाची नाही. फराह अरुंद फटींतून सहज निसटून पुढे जाते, आणि राजपुत्राला मात्र खांबाखांबांवरून चढून वळसा घ्यावा लागतो. ती धनुष्य घेऊन त्याच्या मदतीला उभी राहते, पण तिचा एखादा बाण त्यालाच लागतो. तो एकटा असला म्हणजे स्वतःशीच पुटपुटतो : तिच्याशी असे बोलायला नको होते, तसे बोलायला हवे होते. पराक्रमी पुरुषाला आपलेच मन समजावताना ऐकून हसू येते, आणि तो आवडूही लागतो. आरंभीचा उद्धट मुलगा कथेच्या ओघात माणूस होत जातो, तो याच पुटपुटण्यातून.

आणखी एक लहानशी पण सुंदर कल्पना सांगण्याजोगी आहे. जखमी राजपुत्राला बरे वाटावे म्हणून या खेळात औषधाची कुपी नाही. त्याने कारंज्याचे वा हौदाचे पाणी ओंजळीने प्यावयाचे, की अंगात बळ येते. थकल्या जिवाला पाण्याने तरतरी यावी, हे ज्यांना तीर्थाच्या ओंजळीची सवय आहे अशा आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

अवघडलेली बोटे

आता दुसरी बाजू. शाळकरी वयात परिचयाचा झालेला हा खेळ अलीकडे पुन्हा खेळून पाहताना पहिली अर्धी घटका केवळ बोटांना ताळ्यावर आणण्यात गेली. दोन दशकांत खेळांची हाताळणी फार बदलली आहे. आजचे खेळ खेळणाऱ्याचा हेतू जणू आधीच ओळखतात. उडी थोडी तिरकी पडली तरी पडद्यावरचे पात्र कड्याला बरोबर पकडते. हा जुना राजपुत्र मात्र सांगितले तेवढेच करतो.

मुख्य अडचण कॅमेऱ्याची. राजपुत्राने कोणत्या दिशेस जावयाचे, हे आपण कॅमेरा जेथून पाहतो त्या बाजूने ठरते. ऐन धावण्यात कॅमेरा वळला, तर क्षणापूर्वी जे ‘पुढे’ होते ते ‘बाजूला’ होते, आणि भिंतीवर धावू पाहणारा राजपुत्र सरळ दरीत उतरतो. दुसरी अडचण लढाईची. वाळूचे राक्षस झुंडीने येतात. त्यांना नुसते पाडून भागत नाही. खंजिराने त्यांची वाळू शोषून घ्यावी लागते, नाहीतर ते पुन्हा उठतात. आरंभी यात मौज वाटते, पण दहाव्या-बाराव्या झुंडीनंतर हाताला कंटाळा येतो आणि मन पुढच्या उड्यांकडे धाव घेते.

तथापि, जुनेपणाचे हे सारे दोष एका जातीचे नाहीत, आणि येथेच विवेक हवा. वळणाऱ्या कॅमेऱ्याने होणारा घोटाळा हा निव्वळ दोष आहे. तो दूर झाला असता तर कोणीही हळहळले नसते. परंतु राजपुत्राच्या उडीमागचा थांबा, भिंतीवर त्याने मोजून टाकलेली पावले, कड्यावरून चालताना तोल सावरण्यासाठी त्याने घेतलेला वेळ, या गोष्टी दोष नव्हेत. त्यांतून त्याच्या देहाचे वजन आपल्याला कळते. पहिल्या खेळात तर हे अगदी उघड दिसते. खऱ्या मुलाच्या खऱ्या धावण्यावरून ती चित्रे घेतलेली, म्हणून तो राजपुत्रही धावू लागला की एकदम थांबू शकत नाही. दोन पावले घसरून मगच थांबतो. बोट आधी उचलावे लागते. पुढचे पाहून आताचे पाऊल टाकावे लागते. ही सवय एकदा लागली की जी हाताळणी बोजड वाटत होती, तीच तालबद्ध वाटू लागते.

घाटाची झिजलेली पायरी आणि निखळलेला दगड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निखळलेला दगड बसवावयास हवा. झिजलेली पायरी मात्र पावलाला काही शिकवीत असते.

पुण्यात झालेला एक प्रयत्न

या खेळाचा जीर्णोद्धार करण्याचे काम एके काळी मराठी मुलखातच चालले होते, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांनी मिळून हा खेळ नव्याने घडविण्यास घेतला आणि सप्टेंबर २०२० मध्ये तशी घोषणा झाली. भारतातील राजवाड्यावरच्या हल्ल्याने सुरू होणारा जगप्रसिद्ध खेळ भारतातच पुन्हा घडावा, ही गोष्ट आनंदाची होती. जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीखही ठरली होती.

परंतु पहिली झलक पाहून खेळाच्या जुन्या चाहत्यांनी तिच्या रंगरूपावर टीका केली. प्रकाशन लांबले, पुन्हा लांबले. मे २०२२ मध्ये ते काम पुणे-मुंबईकडून माँट्रियलच्या मूळ शाखेकडे गेले, आणि २०२६ च्या आरंभी कंपनीने हा संकल्पच सोडून दिला. जुन्या खेळाचे नवे रूप आले नाही ते नाहीच.

या घटनेतून कोणाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. मात्र तीमधून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. लोकांच्या आठवणीतली वस्तू नव्याने घडविणाऱ्याला दोन वस्तूंशी सामना द्यावा लागतो : एक प्रत्यक्ष वस्तू, आणि दुसरी आठवणीतली. आठवणीतल्या राजवाड्याला तडा नसतो, आठवणीतला कॅमेरा कधी चुकीच्या बाजूस वळत नाही. भाषांतराचे काम करणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे. मूळ ग्रंथाचे शब्द तर उतरवावयाचे असतातच. शिवाय ज्यांनी तो ग्रंथ तरुणपणी वाचला त्यांच्या मनातला ग्रंथही उतरवावा लागतो, आणि तो कोणत्याही पानावर छापलेला नसतो.

पुण्याच्या मातीत या जातीचे बीज अगदीच रुजले नाही, असेही नव्हे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधण्यासाठी भिंतींवरून धावते, खांबांवर चढते. आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. जुन्याचा उद्धार कधी कधी त्याच्या दुरुस्तीने होत नाही, तर त्याच्यापासून शिकलेल्या नव्या हातांनी होतो.

काकोलूकीयम्

आता त्या संस्कृत शब्दाकडे येऊ. कथेच्या उत्तरार्धात राजपुत्र आणि फराह एका अंधाऱ्या, बंदिस्त जागी अडकतात. तेथे फराह त्याला आपल्या बालपणीचे एक गुपित सांगते : भीती वाटली की म्हणावयाचा एक शब्द तिच्या आईने तिला शिकविला होता. तो शब्द ‘काकोलूकीयम्’. पाश्चात्त्य खेळाडूंना तो एखादा निरर्थक मंत्र वाटला असेल. आपल्याला मात्र तो ओळखीचा आहे. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे हे नाव : कावळे आणि घुबडे यांच्या वैराची कथा.

ती कथा वाचकांना आठवत असेल. घुबडांचा राजा अरिमर्दन कावळ्यांवर रात्री हल्ले करतो. तेव्हा कावळ्यांचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी, आपल्याच राजाने घायाळ करून टाकून दिल्याचे सोंग करतो, शत्रूच्या गोटात आश्रय मिळवितो आणि शेवटी घुबडांच्या गुहेला आग लावून त्यांचा नाश घडवितो. काल शत्रू असलेल्यावर आज विश्वास ठेवावा काय, हा त्या तंत्राचा प्रश्न आहे, आणि पंचतंत्राचे उत्तर सावधगिरीचे आहे.

फराह आणि राजपुत्र यांच्यापुढे हाच प्रश्न आहे. तो तिच्या बापाचे घर लुटणाऱ्यांतला. ती त्याची बंदी. ती एकदा त्याला सोडून खंजीर घेऊन निघूनही जाते, आणि पंचतंत्राच्या हिशेबाने तिचे काही चुकत नाही. परंतु अखेरीस ती कड्यावरून लोंबकळत असता, आपल्यापायी तोही खाली ओढला जाईल हे पाहून स्वतःच हात सोडते. वैराच्या कथेचे नाव घेऊन आलेली मुलगी विश्वासाचे उत्तर देऊन जाते.

पंचतंत्र आणि पर्शिया यांचे नाते तर याहून जुने आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात खुस्रू अनुशीर्वान या इराणी सम्राटाच्या दरबारातील वैद्य बर्झोय याने या ग्रंथाचे पहलवी भाषेत भाषांतर केले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने ते अरबीत नेले, आणि ‘कलीला व दिम्ना’ या नावाने आपले करटक-दमनक जगभर फिरले. भारतातून एक ग्रंथ इराणात गेला तो भाषांतराच्या वाटेने. या खेळात भारतातून एक खंजीर इराणी राजपुत्राच्या हाती जातो तो लुटीच्या वाटेने. लुटीने काय अनर्थ ओढवला, हे सांगण्यासाठीच जणू सारी कथा रचली आहे. राजपुत्राला शेवटी जे कळते ते एवढेच की, जे आणले ते परत करावयास हवे. आणि तो ते परत करतोही.

मूर्ख राजपुत्रांना गोष्टींनी शहाणे करावे, यासाठीच विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले, असे त्या ग्रंथाच्या आरंभी म्हटले आहे. एक उतावळा राजपुत्र गोष्ट सांगता सांगता शहाणा होतो, हे या खेळाचे सार. कित्येक शतकांपलीकडच्या त्या पंडिताला हा विद्यार्थी आवडला असता.

मागे न जाणारी सावली

दशाश्वमेध घाटाला लागूनच मानमंदिर घाट आहे. तेथील मानमहालाच्या गच्चीवर जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. दगडी यंत्रावर सावली किती सरकली, यावरून तेथे वेळ मोजीत. त्याच महालात २०१९ पासून पडद्यांचे आणि प्रकाशाचे एक आधुनिक संग्रहालयही उघडले आहे. काल मोजण्याचे दगड वर, आणि काल पुन्हा उभा करणारे पडदे खाली, असा हा योग आहे. समोर पैलतीरावर, पूर ओसरल्यावर, दृष्टी पोचेल तेथवर वाळू पसरलेली दिसते.

या परिसरात मनुष्य येतो तो बहुधा काही तरी कायमचे घडून गेल्यावर. कोणी पित्याचे पिंडदान करावयास येतो, कोणी आईच्या अस्थी घेऊन. येथे कोणाजवळ तो खंजीर नसतो. राजपुत्रापुढे मात्र अखेरीस फराहच्या मृत्यूनंतर काळ अगदी आरंभापर्यंत मागे नेण्याची संधी येते, आणि तो ती घेतो. बाप जिवंत होतो, राजवाडा शाबूत राहतो, फराह जगते. पण या साऱ्याची किंमत त्याला द्यावी लागते. जे दोघांनी मिळून भोगले ते आता एकट्या त्यालाच आठवते. फराहच्या लेखी तो खिडकीतून आत आलेला एक परका मनुष्य असतो. ज्या श्रोत्याला तो आरंभापासून गोष्ट सांगत होता ती फराहच होती, हे आपल्याला येथे कळते.

काळ मागे फिरविता आला तर सारे सुख परत मिळेल, असे मुलांना वाटते, आणि मोठ्यांनाही. हा विनोदी खेळ हसत हसत सांगतो की, चूक पुसली तर तिच्यातून उगवलेले प्रेमही पुसले जाते. घाटाच्या पायरीवर बसून हीच गोष्ट एखाद्या वृद्धाने सांगितली असती, तर आपण तिला वेदान्त म्हटले असते.

घरी काय करावे?

हा खेळ आजही संगणकासाठी विकत मिळतो. अमेरिकेत त्याला तेरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य असे प्रमाणपत्र मिळाले आहे. त्याहून लहान मुलांसाठी तो नव्हे. ज्या घरांत कुमारवयीन मुले आहेत, त्यांच्या आईवडिलांनी पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : ‘आमच्या वेळचे खेळ असे होते’ या वाक्याने आरंभ करू नये. या वाक्याने कोणताही खेळ शिळा होतो.

दुसरी : मुलाने पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला नावे ठेवली तर ती ठेवू द्यावीत. त्यात त्याचे काही चुकत नाही. हे जुने यंत्र आहे, हे मोकळेपणाने सांगावे; पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. बोटांना शिकावयास एक रात्र मधे जावी लागते.

तिसरी : शक्य तर दोघांनी मिळून खेळावे. उड्या एकाने माराव्यात, कोडी दुसऱ्याने सोडवावीत. हा खेळ एकट्याने खेळण्याचा असला, तरी त्याची कथा कोणाला तरी सांगितली जात आहे. ती ऐकावयास आणखी एक मनुष्य शेजारी बसला तर ती अधिक रंगते.

चौथी गोष्ट जपणुकीची. २०१२ मध्ये जॉर्डन मेक्नरच्या वडिलांना घरातील कपाटाच्या तळाशी जुन्या संगणकाच्या चकत्यांची एक पेटी सापडली. हरवला असे समजलेला पहिल्या खेळाचा मूळ आराखडा त्या चकत्यांवर होता. जाणकारांच्या मदतीने तो वाचून काढण्यात आला आणि सर्वांसाठी खुला करण्यात आला. मुलाने केलेले काम बापाने वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवले होते. आपल्याही माळ्यावर अशा पेट्या असतील : जुन्या कॅसेटी, चकत्या, वह्या. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. काय जपले हे कळण्याआधीच ते आपल्या हातून जाऊ नये.

खेळ पुरा झाल्यावर, अगदी शेवटी फराह त्या परक्या तरुणाला त्याचे नाव विचारते, आणि तो उत्तरादाखल तिच्याच बालपणीचा तो गुप्त शब्द सांगून निघून जातो. मूल तेव्हा वळून विचारील : म्हणजे काय? त्या वेळी पंचतंत्राची प्रत हाताशी असू द्यावी. तिसरे तंत्र उघडावे, आणि कावळ्यांच्या राजा मेघवर्णापासून वाचावयास आरंभ करावा.